डुप्लिकेट की ओरिजिनल? आधी जुना पार्ट हातात घेऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट, आजोबांनी घेतलेली, पुण्यात बंगल्यामागच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे. ती आता रस्त्यावर आणायची आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘सगळं नवीन टाकू, लोकल माल मिळतो, शोरूमसारखी करून देतो.’ जुन्या गाड्या बाळगणारे एक नातेवाईक मात्र म्हणतात, ओरिजिनल मिळाल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा बदलू नका, गाडीची किंमत जाईल. यात ऐकायचं कोणाचं?

पूर्णपणे कोणाचंच नाही. हे दोघंही दुकानातून काय आणायचं एवढाच विचार करताहेत: एकाला नवा डबा हवा, दुसऱ्याला जुना. तुमच्या गाडीवर जो पार्ट आज बसलेला आहे, तो दुरुस्त होतो का, हे दोघांपैकी कोणीच विचारलेलं नाही. जुन्या गाडीच्या कामात निम्म्याहून जास्त उत्तरं तिथे असतात. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी गाडीभोवती फिरून एक यादी करा: काय दुरुस्त होईल, काय नव्याने बनवून घ्यावं लागेल आणि काय बदलल्याशिवाय इलाजच नाही.

आधी ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं ते पक्कं करू. तुमची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली आहे. तिचे सगळे पार्ट कुर्ल्यात बनत नव्हते. त्या काळच्या भारतीय गाड्यांना ब्रेक, पिस्टन, बेअरिंग, प्लग, विजेचं सामान देणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. ब्रेक्स इंडिया, इंडिया पिस्टन्स, गोएत्झे, बायमेटल, मायको, लुकास-टीव्हीएस ही नावं जुन्या मेकॅनिकांना आजही पाठ आहेत. अशा कंपनीने स्वतःच्या डब्यात विकलेला पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्या पार्टपेक्षा कमी ओरिजिनल नसतो. बऱ्याचदा तो त्याच यंत्रावर बनलेला असतो, फक्त डबा वेगळा.

दुसरं, इटलीच्या मोहात पडू नका. परदेशी संकेतस्थळांवर ‘११०० डी’चे, म्हणजे डिलाइटच्या इटालियन भावंडाचे, चकचकीत पिस्टन सेट दिसतात आणि लोक हौसेने मागवतात. इटलीत ११०० डी या नावाने विकलेल्या गाडीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडच्या गाडीला १०८९ सीसीचं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हीकडे ७५ मिलिमीटर, पण बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, तिकडे ७२ आणि इकडे ६८. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे तो पिस्टन तुमच्या ब्लॉकमध्ये शिरणारसुद्धा नाही. ट्रिम, काचा, दिवे यांतही असे फरक निघतात. तुमच्या गाडीसाठी ओरिजिनल म्हणजे कुर्ल्याचं, फियाटच्या इटलीतल्या ट्यूरिनचं नव्हे.

आता ‘लोकल’बद्दल, कारण या शब्दाला उगाच नाक मुरडलं जातं. मुंबईत पद्मिनी, म्हणजे याच फियाटचं पुढचं रूप, टॅक्सी म्हणून हजारोंनी धावत होती, तेव्हा त्यांच्यासाठी लोकल माल बनवणारा एक मोठा धंदा होता. त्या मालाची परीक्षा रोज रस्त्यावर व्हायची. बुश (सांध्यात पिनभोवती बसणारी नळी) आठवड्यात वाजायला लागला, तर टॅक्सीवाला दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गाडी उभी करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हिशेब मागायचा. त्यामुळे सस्पेन्शन, क्लच, गिअर लिंकेजचा त्या काळातला लोकल माल दिसायला ओबडधोबड असला तरी कामाला पक्का निघतो. पद्मिनी आणि डिलाइटचं बरंचसं यांत्रिक सामान एकमेकांना चालतं, त्याचा फायदा तुम्हाला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. मागणी त्याच्या कितीतरी आधीपासून आटत आली होती. आता नवीन बनणारा माल हौशी गिऱ्हाइकासाठी बनतो. तो गाडी वर्षातून दोनदा बाहेर काढतो, म्हणून तक्रार यायलाच तीन वर्षं लागतात. त्यामुळे नाना पेठेत, कुर्ल्यात किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत विचारताना ‘लोकल आहे का’ एवढंच विचारू नका. कधीचा आहे, तेही विचारा. टॅक्सीच्या काळातला धूळ खात पडलेला लोकल किंगपिन सेट (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) मी आजच्या पॉलिश केलेल्या सेटच्या आधी उचलेन. तोही तपासूनच, अर्थात.

तपासायचं कसं, ते किंगपिनवरच सांगतो, कारण ही जागा जिवाशी खेळणारी आहे. किंगपिन आतून चिवट आणि वरून कडक लागतो. त्यासाठी केस हार्डनिंगचं, म्हणजे फक्त वरचा थर कडक होणारं पोलाद वापरून, कार्ब्युराइज करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून), मग ग्राइंड करतात. हलक्या नकलेत साधं माइल्ड स्टील लेथवर कातून, पॉलिश मारून देतात. डोळ्याला दोन्ही सारखेच चकचकीत. एक चांगली, नवी, बारीक दाताची कानस घ्या आणि किंगपिनच्या अगदी टोकाला, जिथे बुश बसत नाही तिथे, हलकेच चालवा. कडक केलेला पृष्ठभाग असेल तर कानस काचेवरून गेल्यासारखी घसरते, आवाज बारीक येतो आणि किंगपिनवर जेमतेम एखादी रेघ दिसते. कानशीने चावा घेतला, चमकदार चुरा पडला, की तो सेट तिथेच परत करा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. याहून पक्कं हवं असेल तर भोसरीत हीट ट्रीटमेंटवाले आहेत. त्यांच्याकडे कडकपणा मोजणारा रॉकवेल टेस्टर असतो, आकडा ५८ ते ६२ च्या आसपास यायला हवा.

पुण्यात राहता याचा एक मोठा फायदा तुम्ही घेतलाच पाहिजे. वाहनउद्योगाला माल देणारे छोटे कारखाने पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणमध्ये गल्लोगल्ली आहेत. बाजारात चांगला किंगपिन मिळालाच नाही तर २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ पोलादात, नीट ड्रॉइंग देऊन, तो बनवून घेता येतो. हाही पुनर्निर्मित पार्टच झाला, पण मूळ पार्टच्या तोडीचा किंवा त्याहून सरस. मात्र जुना, झिजलेला पार्ट कारागिराच्या हातात देऊन ‘असाच बनव’ असं सांगू नका. तो मायक्रोमीटरने जिथे मोजतो, तिथे तुमचा जुना पार्ट आधीच खाल्लेला असतो. मग नवा पार्ट नव्या पोलादात आणि झिजलेल्या मापात तयार होतो! माप घ्यायचं ते न झिजलेल्या पट्ट्यावर, म्हणजे बुशच्या बाहेर राहिलेल्या भागावर किंवा कॉटर पिनच्या खाचेजवळ. बाजारातल्या नकला बिघडण्याचं एक मोठं कारण हेच आहे. नकलेची नकल, तिचीही नकल, आणि प्रत्येक वेळी माप थोडं सरकतं.

उलट मूळ डायवर (कारखान्याच्या साच्यावर) बनलेला नवा पार्ट मिळत असेल तर त्याला डुप्लिकेट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची अख्खी बॉडी मूळ प्रेस टूल्स वापरून पुन्हा बनवायला सुरुवात केली. तिथल्या लोकांना गंजलेल्या बॉडीला ठिगळं लावत बसण्याऐवजी ती घेणं परवडलं. आपल्याकडे फियाटसाठी अशी सोय नाही, त्यामुळे पत्र्याच्या बाबतीत आपल्याला डेंटरच्या हातावरच विसंबावं लागतं. ते काही वाईट नाही.

आता रबर. तुमच्या नातेवाइकांचा सल्ला इथे धोक्याचा ठरतो. कुठल्यातरी जुन्या दुकानात सीलबंद डब्यात ब्रेकचं रबर किट सापडतं, डब्यावर कंपनीचा छाप, पार्ट नंबर, सगळं अस्सल. हौशी माणूस हरखून जातो. ते कपाटात ठेवा, गाडीत घालू नका. रबर न वापरतासुद्धा म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्यावर काम करत राहतो. वॉशरची कड कडक होते, बोटाने दाबल्यावर लगेच उठून येत नाही, वाकवून भिंगाखाली धरली तर केसासारख्या भेगा दिसतात. पन्नास वर्षांपूर्वीचं अस्सल रबर आणि गेल्या वर्षी बनलेलं चांगल्या कंपनीचं रबर यांत ब्रेकसाठी दुसरंच घ्यायचं. इथे ओरिजिनलचा आग्रह म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे.

पण ज्या ओतीव सिलेंडरमध्ये हे रबर बसतं, तो टाकू नका. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं आणि व्हील सिलेंडरच्या, मास्टर सिलेंडरच्या आत खड्डे पडतात. वरवरचे असतील तर होनिंगने, म्हणजे आतून बारीक घासून, निघतात, नखाला लागत असतील तर नाही. गॅरेजवाला लगेच नवीन लोकल सिलेंडर आणेल. त्याऐवजी जुना सिलेंडर बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (अस्तराची नळी) बसवून घ्या आणि मूळ मापावर होन करा. बाहेरून कंपनीचा छाप जसाच्या तसा, आतून नव्यापेक्षा टिकाऊ, कारण ही स्लीव्ह गंजत नाही. सुरुवातीला ज्या दुरुस्तीबद्दल बोललो, तिचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. जुळवणी करताना एकच पथ्य पाळा. ब्रेकचे रबरवाले पार्ट पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायची आपल्या गॅरेजांची सवय आहे, ती करू देऊ नका. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवायचं.

ब्रेक लायनरच्या बाबतीतही जुना ‘पॅक पीस’, म्हणजे डबाबंद, न वापरलेला जुना माल, नको. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. तुमच्या ड्रममध्ये आज जी धूळ साचलेली आहे, तीही त्याचीच असणार. कंप्रेसरची हवा मारून ड्रम साफ करू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. मूळ ब्रेक शू ठेवा आणि त्यावर नवं ॲस्बेस्टॉसविरहित लायनर बसवून घ्या.

पेट्रोलच्या लाइनचंही हेच. तुमच्या गाडीचा पंप आणि कार्बुरेटर बनले तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या मिश्रणाचं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते पाणी टाकीच्या तळाशी आणि कार्बुरेटरच्या वाटीत बसून जस्ताच्या ओतीव बॉडीवर बुरशीसारखा पांढरा गंज आणतं. त्यामुळे पंपाचा डायफ्राम आणि सगळे होज आजच्या मिश्रणाला चालणारेच हवेत. होजवर एसएई जे३० आर९ असा छाप बघून घ्या. मात्र कार्बुरेटरची मूळ बॉडी आणि मूळ जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी तोटी) जपा. नकली किटमधल्या पितळी जेटवर आकडा बरोबर छापलेला असतो, भोक बरोबर असतंच असं नाही. जेटवर १२० लिहिलेलं असेल तर भोक १.२० मिलिमीटर हवं. पिन गेज घालून बघा. जुना जेट झिजला असण्याची शक्यता थोडीच, तो साफ करून परत लावा. फक्त तारेने कोरू नका.

इग्निशनमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या व्यवस्थेत, कंडेन्सर हा सध्या सगळ्यात जास्त डोकेदुखी देणारा पार्ट आहे, आणि तो एकट्या फियाटचाच रोग नाही. जगभर जुन्या गाड्यांचे मालक नव्या नकली कंडेन्सरला वैतागलेले आहेत. लक्षण ठरलेलं असतं. गाडी थंड असताना सुरळीत चालते, वीसेक मिनिटांनी धडधडून बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू होते. मल्टिमीटरवर थंड कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास बरोबर दाखवतो आणि तपासणारा फसतो. हेअर ड्रायरने गरम करून मोजा. जुना पॅक पीस घ्यावा तर आतला कागद इतक्या वर्षांत ओल खाऊन बसलेला असतो, त्यामुळे तोही भरवशाचा नाही. माझा उपाय साधा आहे. तुमच्या गाडीवरचा जुना कंडेन्सर चालत असेल तर त्याला हात लावू नका. चालत नसेल तर आज उत्पादनात असलेल्या एखाद्या नामांकित कंपनीचा, त्याच क्षमतेचा कंडेन्सर घेऊन डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर, कॉइलपाशी बसवा. तिथे गरमी कमी लागते. दिसायला ओरिजिनल नाही, पण खंबाटकी घाटात अडकून पडण्यापेक्षा ते परवडलं. प्रदर्शनाच्या दिवशी हवं तर आत लावा. डिस्ट्रिब्युटरची जुनी बॅकेलाइट कॅप मात्र तडा गेलेली नसेल तर नव्यापेक्षा चांगली.

वायरिंगबद्दल फार बोलत नाही. जुन्या वायरचं आवरण वाकवल्यावर भुगा होत असेल तर अख्खा हार्नेस नवा करा, मूळ रंगसंगती पाळून. नवी वायर घेताना टोक सोलून चाकूने तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. टायर ५.२०-१४ मापाचे, आणि कुठल्याही गोदामातले जुने ‘नवे’ टायर नकोत. कारण रबराचं वर सांगितलंच.

आता डोळ्यांना दिसणारा भाग. इथे पारडं उलटं फिरतं. बिल्ले, अक्षरं, दाराची हँडलं, डॅशबोर्डचे स्विच, मीटरची तबकडी, दिव्यांच्या काचा या जागी नकल पटकन ओळखू येते आणि एकदा मूळ वस्तू भंगारात गेली की परत मिळत नाही.

एखाद्या अक्षरपट्टीचं उदाहरण घ्या. मूळ वस्तू जस्ताच्या मिश्रधातूत, दाबाखाली, पोलादी डायमध्ये ओतलेली असते. म्हणून तिच्या कडा धारदार आणि मागच्या खिळ्या बरोबर अंतरावर. नकल करणारा ती मूळ पट्टीच वाळूत दाबून साचा करतो आणि त्यात पितळ ओततो. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. पट्टी २०० मिलिमीटरची असेल तर नकल तीन मिलिमीटर आखूड येते. खिळ्या पत्र्यातल्या भोकांवर बसत नाहीत, मग कोणीतरी भोकं कानशीने वाढवतं आणि मूळ पत्राही बिघडतो. शिवाय वाळूचा खरखरीतपणा घालवायला बफिंग करतात, त्यात अक्षरांच्या कडा गोल होतात. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर नकल साबण विरघळल्यासारखी दिसते.

मग खड्डे पडलेल्या मूळ पट्टीचं काय करायचं? तिचं काम होतं, पण सगळीकडे नाही. जस्ताचा पार्ट जाणणारा प्लेटर हवा. पार्ट नेहमीप्रमाणे सरळ ॲसिडच्या टाकीत घातला तर जस्तच विरघळायला लागतं. जुना मुलामा काढून, एकेक खड्डा कोरून साफ करून, आधी सायनाइड कॉपरचा थर, मग खड्ड्यांत सॉल्डर, घासणी, पुन्हा कॉपर, मग निकेल आणि शेवटी क्रोम. वेळखाऊ आणि महाग काम आहे. बाजारातली नवी पट्टी याच्या चौथाई किमतीत मिळेल. तरी मी मूळच दुरुस्त करायला सांगेन.

बंपरला वेगळा न्याय. मूळ बंपरचा पत्रा जाड असतो, नकलेचा बहुधा पातळ. दोन्ही वजनकाट्यावर ठेवा, लगेच कळेल. क्रोमची चमक बघून भुलू नका, कारण क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंज अडवतं ते खालचं निकेल, आणि बाहेर राहणाऱ्या वस्तूला ते वीस-तीस मायक्रॉन तरी लागतं. स्वस्त कामात निकेल नावाला असतं, पहिल्याच पावसाळ्यात तांबूस टिपके उठतात. प्लेटरशी बोलताना ‘चकाचक करा’ असं म्हणू नका, निकेलची जाडी ठरवा आणि काम घेताना थिकनेस गेजने मोजून घ्या. मूळ बंपर ठोकून सरळ करून, असा मुलामा देऊन घेतला तर तुमच्या मुलांनाही पुरेल.

रेडिएटरही फेकू नका. वरची आणि खालची पितळी टाकी मूळ ठेवून मधला कोर नवा बसवणारे कारागीर अजून आहेत. ॲल्युमिनियमचा रेडिएटर थंड उत्तम ठेवतो, पण बॉनेट उघडलं की सगळ्यात आधी तोच डोळ्यांत खुपतो.

दाराच्या रबराबद्दल एक गोष्ट, कारण याने लोक फार फसतात. मूळ बीडिंग स्पंजसारखं मऊ होतं, नकलेत बऱ्याचदा भरीव, कडक रबर येतं. दार आपटल्याशिवाय लागत नाही, मग डेंटर बिजागऱ्या आणि लॉकच सरकवतो आणि वर्षानुवर्षं जुळलेली फट बिघडते. बीडिंग विकत घेण्याआधी एक वीतभर तुकडा मागून घ्या, दारात चिकटवा, मध्ये कागदाची पट्टी धरून दार नेहमीच्या जोराने लावा. पट्टी ओढताना अडखळत निघाली तर बरोबर. फाटली तर रबर कडक, सरकन निघाली तर पातळ. रबर ईपीडीएम जातीचं असेल तर उन्हात टिकेल.

पत्रा. फियाट ११०० ला स्वतंत्र चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या गंजल्या असतील तर तो शोभेचा विषय नाही, गाडीची ताकद तिथे आहे. बाजारात वाकवून तयार केलेल्या पट्ट्या मिळतात, पण त्यांत आतली मजबुतीची घडी नसते. सडलेलं तेवढंच कापून त्याच जाडीच्या पत्र्याने जोडून घ्या. कापायच्या आधी दारं बसवलेली असू द्या, दाराच्या चौकटीत आतून अँगल वेल्ड करून घ्या आणि गाडीचं वजन चाकांवर ठेवा. नाहीतर मध्येच बॉडी झुकते आणि नंतर कुठलंही दार लागत नाही. पुट्टी किती भरली आहे, ते पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवून कळतं. जिथे चिकटत नाही, तिथे डेंटरला प्रश्न विचारा.

रंगाच्या बाबतीत गॅरेजवाल्याच्या ‘शोरूमसारखी’ या शब्दाला मी जरा घाबरतो. १९६८ साली कुर्ल्यातून निघालेली गाडी आजच्या दोन घटकी रंगासारखी आरशागत चमकत नव्हती, तिच्या फटीही अगदी रेघेसारख्या नव्हत्या. छतावर किंवा डिकीच्या आत मूळ रंग शाबूत असेल तर तेवढा राखा. निदान रंगाची छटा जुळवायला तो खरा नमुना आहे.

जुना माल विकत घ्यायची वेळ आलीच तर डब्यावर विश्वास नको. जुना डबा आणि आत कालचा माल, हा धंदा जोरात चालतो. ओतीव पार्टवर कंपनीचा छाप उठावाचा असतो, नकलेत बऱ्याचदा पंचाने ठोकलेला किंवा कोरलेला. खरा जुना साठा पिवळट, चिकट ग्रीसमध्ये आणि तेलकट कागदात गुंडाळलेला असतो. ते ग्रीस इतक्या वर्षांत कडक होऊन तपकिरी झालेलं असतं. ग्रीस ताजं आणि पार्ट ‘जुना’ असेल तर किंमत आपोआप निम्मी करा. रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारायला हरकत नाही. तिथे मीटर, हँडलं, काचा यांसाठी नशीब उघडतं. ब्रेक आणि स्टीअरिंगचं सामान तिथून कधीही नको.

किंमत जाईल, या नातेवाइकांच्या भीतीतही तथ्य आहे, पण ते वॉशर आणि होजबाबत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. तुमची १९६८ ची गाडी वयात बसते. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, हेही लक्षात ठेवा. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची इच्छा असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण बघा.

म्हणजे जपायचं ते बॉडी आणि इंजिन ब्लॉक, आणि त्यांच्यावरचे नंबर. ब्लॉकला तडा गेला असला तरी आधी कोल्ड स्टिचिंगचा (वेल्डिंग न करता धातूच्या खिळ्यांनी तडा शिवण्याचा) किंवा स्लीव्हचा विचार करा, दुसऱ्या गाडीचा ब्लॉक शेवटी. नंबर पुसट झाला म्हणून कोणी ‘पुन्हा ठोकून देतो’ म्हणाला तर त्याला हातही लावू देऊ नका. आरटीओच्या लेखी ती छेडछाड ठरते आणि तुमची अस्सल गाडी संशयित होऊन बसते. नंबरवरचा गंज तेल लावून मऊ ब्रशने काढा, फोटो काढा, पुन्हा तेल लावून ठेवा.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, ट्यूरिन सनद म्हणून एक मार्गदर्शक संहिता आहे. नवे बसवलेले पार्ट जुन्यांपासून ओळखता यावेत म्हणून त्यांच्यावर टिकाऊ खूण करावी, असं ती सुचवते. हे करायला पैसे लागत नाहीत. नव्या पार्टच्या न दिसणाऱ्या बाजूला साल आणि एक अक्षर पंच करा आणि वहीत नोंद ठेवा. उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा त्या वहीवर जेवढा विश्वास ठेवेल तेवढा चकाकीवर ठेवणार नाही.

गॅरेजवाल्याशी काम ठरवताना एक गोष्ट लेखी घ्या. काढलेला प्रत्येक पार्ट, कितीही खराब असो, नाव लिहिलेल्या पिशवीत तुमच्याकडे परत आला पाहिजे. बहुतेक गॅरेजांत तो संध्याकाळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो, आणि सहा महिन्यांनी कळतं की नव्याचं माप काढायला नमुनाच उरला नाही. पैशांचा क्रम असा लावा: आधी ब्रेक, किंगपिन, टायर, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग, मग पत्रा. क्रोम आणि बिल्ले पुढच्या वर्षी केले तरी चालतील. तोवर खड्डे पडलेली मूळ अक्षरपट्टी तशीच गाडीवर राहू द्या.